आधी श्वास सोडा

प्रश्न : माझं वय ३६. ऑफिसात मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की छातीत धडधडायला लागतं, घसा सुकतो, आवाज कापतो. सगळे म्हणतात, 'खोल श्वास घे, शांत वाटेल.' मी घेते. चांगले दहा-बारा मोठे श्वास घेते. पण त्यानं डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि आता चक्कर येऊन पडते की काय या भीतीनं धडधड आणखी वाढते. रात्री अडीच-तीनला जाग येते तेव्हाही हेच. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं तपासलं, काही निघालं नाही. मोबाइलवर श्वासाचं एक ॲप घेतलं, तर त्यातलं 'आता श्वास रोखा' आलं की जीव घाबरा होतो. ज्यानं जगाला शांत वाटतं तेही मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का? माझा नऊ वर्षांचा मुलगाही परीक्षेआधी असाच धास्तावतो. त्याला काय शिकवू?
— धाप लागलेली

उत्तर : तुमच्यात खोट नाही. खोट त्या सल्ल्यात आहे, आणि तो उठसूट वाटत सुटणाऱ्यांमध्ये एके काळी मीही होते. समोरचं माणूस घाबरलेलं दिसलं की 'खोल श्वास घे' हे तोंडातून आपसूक निघतं. ऐकणारा बिचारा छाती भरून हवा ओढतो, मग पुन्हा ओढतो, आणि त्याचं व्हायचं तेच होतं जे तुमचं झालं.

शरीरात काय घडतं ते आधी सांगते, कारण त्या मुंग्यांचा अर्थ कळला की त्यांची निम्मी भीती जाते. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. निरोगी माणसाच्या रक्तात तेवढ्यावरच ऑक्सिजनची पातळी ९५ टक्क्यांच्या वर असते. म्हणजे भांडं जवळजवळ काठोकाठ भरलेलंच आहे, मोठमोठे श्वास घेऊन त्यात आणखी मावणार तरी किती? त्या श्वासांनी बदलते ती दुसरीच गोष्ट. रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. शाळेत आपण त्याला टाकाऊ वायू म्हणून पाठ केलं, पण शरीराचा त्याच्याशी व्यवहार जरा वेगळा आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या किती रुंद राहायच्या हे बऱ्याच अंशी तो ठरवतो. तो घटला की त्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. रक्ताचा आम्ल-अल्काचा तोल थोडा सरकतो, नसा हुळहुळ्या होतात, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. त्यात 'हवा पुरत नाही' असंही वाटायला लागतं, म्हणून माणूस आणखी हवा ओढतं, आणि कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो.

तर तुम्ही श्वास कमी नाही, जास्त घेत होतात. श्वास सावकाश आणि लहान केला की काही मिनिटांत हे ओसरतं. (कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती कुणी सुचवली तर करू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ती अंगाशी येऊ शकते, आणि घाबरल्या क्षणी आपल्याला नेमकं काय झालंय हे कुणाला ठाऊक असतं?)

आता मुद्द्यावर येते. शांत करणारी बाजू श्वास सोडण्याची आहे. बोलण्यातही बघा, भीतीनं श्वास अडकतो, कोंडतो, वरच्या वर राहतो. आणि काळजी मिटली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. हे पडताळायला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. निवांत असताना मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी धरा. श्वास आत घ्या, ठोके किंचित लगबगीनं पडतील. सावकाश सोडा, ते मंदावतील. काहींना हा फरक चटकन कळतो, काहींना चार-पाच श्वासांनंतर. हा दोष नव्हे, निरोगी हृदय असंच चालतं. मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत पोचणारी व्हेगस नावाची एक लांबलचक नस आहे. हृदयाला ती ब्रेकसारखी असते. श्वास घेताना हा ब्रेक थोडा सैल होतो, सोडताना पुन्हा लागतो. हृदयाला 'हळू चाल' असा हुकूम देता येत नाही. श्वासाचं तसं नाही. तो आपला आपण चालतो आणि मनात आलं तर आपल्या हातातही येतो. हृदयाशी बोलायचं तर निरोप त्याच्याकरवी धाडावा लागतो.

रोजचा सराव एवढाच करा. कसंही बसा, पाठ टेकली तरी चालेल, डोळे उघडे ठेवले तरी चालेल. सुरुवात श्वास सोडण्यानं करा. हे मुद्दाम सांगते, कारण घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते आणि भरलेल्या पिशवीत आणखी कोंबायला गेलं की गुदमरायला होतं. सोडून झालं की नाकानं हलकेच आत घ्या, मनात चारपर्यंत मोजत. गळ्यापर्यंत भरायचं नाही, पाऊण भरलं की पुरे. न थांबता सोडायला लागा, सहापर्यंत मोजत. नाक चोंदलं असेल तर ओठांचा लहानसा चंबू करून तोंडानं सोडा. चार-सहा जड वाटलं तर तीन-पाच करा. आकड्यात काही जादू नाही, सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं एवढंच. मधेच दम कमी पडला तर एक नेहमीचा श्वास घ्या आणि पुन्हा सुरू करा. गुण कापले जात नाहीत.

चार आणि सहा मिळून दहा सेकंदांचा एक श्वास झाला, तर मिनिटाला सहा होतात. या सहाच्या आकड्याची एक गोष्ट मला फार आवडते. इटलीतले डॉक्टर लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी काही लोकांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली, 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्रही म्हणायला लावला, आणि त्यांचे श्वास, ठोके, रक्तदाब मोजले. दोन धर्म, दोन भाषा, पण म्हणताना श्वास दोन्हीकडे मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपला. त्या गतीला हृदय आणि रक्तदाब यांचं एकमेकांना सावरून घेणंही सुधारलं. गंमत अशी की यातलं कुणी श्वास मोजत बसलं नव्हतं. ते नुसतं म्हणत होते, आणि म्हणणं म्हणजे श्वास सोडणंच. हे लक्षात ठेवा, तुमच्या मीटिंगला कामाला येणार आहे.

दुसरी युक्ती ऐनवेळची. नाकानं श्वास घ्या, तो भरत आला की न सोडता वर आणखी एक छोटा घोट घ्या, आणि मग तोंडानं अगदी सावकाश, सगळा सोडून द्या. एकदा, दोनदा, फार तर तीनदा. लहान मूल रडून थकलं की शेवटी जो दुहेरी हुंदका देतं ना, तोच हा. आपण सगळेच तासाला डझनभर तरी असे उसासे टाकत असतो, फक्त ते कळत नाहीत. फुप्फुसांतले काही बारीक वायुकोश अधूनमधून मिटतात, ते या मोठ्या श्वासानं पुन्हा उघडतात. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांचे चार गट करून महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळा सराव करवून घेतला. एका गटाला ध्यान दिलं, तिघांना श्वासाचे तीन प्रकार. चिंता चारही गटांची कमी झाली, पण मन प्रसन्न होण्यात उसासेवाले पुढे राहिले. अर्थात, श्वासाच्या व्यायामांचे असे प्रयोग एकत्र ताडून पाहिले तर फायदा दिसतो तो माफक. त्यानं काळजी हलकी होते, काळजीचं कारण जागेवर राहतं. साहेबांचा स्वभाव बदलण्याचा श्वास मला अजून सापडलेला नाही.

तुमच्या बाबतीत एक सावधगिरी. हा दुहेरी श्वास तिनाच्या पुढे नेऊ नका. एकामागोमाग दहा केलेत तर पुन्हा त्या मुंग्यांपाशी याल. तिनानंतर चार-सहावर या, नाहीतर श्वासाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

ॲपमधला तो चौकोनी श्वास, म्हणजे चार घ्या, चार रोखा, चार सोडा, चार रोखा, वाईट नाही. पुष्कळांना तो आवडतो, त्याची मोजदाद मनाला कामाला लावते. पण श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो आणि मेंदूत 'श्वास घे, श्वास घे' अशी घंटा वाजते. ज्यांचं मन आधीच कानोसा घेत बसलेलं आहे त्यांना ती घंटा फार मोठ्यानं ऐकू येते. तुमच्यासारख्यांनी रोखण्याचे सगळे प्रकार, चार-सात-आठ वगैरेही, सध्या बाजूला ठेवावेत. पुढे कधी वाटलं तर बघा, नाही वाटलं तर काही अडत नाही. ॲप काढून टाकलंत तरी माझी हरकत नाही. सलग किती दिवस झाले ते दाखवणारे ते आकडे मला तरी शांत करत नाहीत.

पोटानं श्वास घ्या असंही तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. ते बरोबर आहे, पण लोक पोट फुगवायला जातात आणि स्नायू ताठ करून बसतात. छाती आणि पोट यांच्या मधोमध श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकला की फुप्फुसांना जागा होते आणि पोट आपसूक थोडं पुढे येतं. आपण पोट फुगवायचं नाही, फुगू द्यायचं. घाबरल्यावर हे काम मानेचे आणि खांद्यांचे स्नायू ओढून घेतात, म्हणून दिवसअखेर मान धरते. शिकण्याची सोपी जागा अंथरूण. उताणं पडा, गुडघे थोडे वर घ्या, बेंबीवर एक हलकं पुस्तक ठेवा. पुस्तक वर गेलं, खाली आलं, झालं. बसून हे जमत नसेल तर सोडून द्या, नुसते खांदे खाली पाडले तरी बरंच काम होतं.

रात्री अडीचची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे आणखी एक शत्रू असतो, घड्याळ. ते भिंतीकडे फिरवा, मोबाइल हाताला लागणार नाही असा ठेवा. मग फक्त सोडलेले श्वास मोजा, एक ते दहा, आणि पुन्हा एकपासून. चौदावर पोचलात तर समजा मन फिरायला गेलं होतं, परत या. शेजारी कुणी झोपलेलं नसेल, किंवा झोपलेलं असून घोरत असेल, तर सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा बारीक 'म्' करा. हाच भ्रामरी प्राणायाम. गुणगुणताना हवा बारीक वाटेनं निघते, म्हणून श्वास न मोजताही लांबतो. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड पंधरा पटींनी वाढतं, असं स्वीडनमध्ये २००२ साली मोजलं गेलं आहे. ही माहिती लोक हल्ली फार मिरवतात, पण मन शांत होण्याशी मी तिची सांगड घालणार नाही. मला तो गालांमध्ये घुमणारा आवाज आवडतो, एवढं कारण पुरतं. आणि एक : हे झोप आणण्यासाठी करू नका. 'आली का झोप?' असं दर श्वासाला विचारलं की ती येत नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचत बसा, डोळे जड झाले की परत या.

आता मीटिंग. तुम्ही श्वास घेता तो बोलायच्या अगदी आधी, दहा-बारा मोठे, म्हणजे ऐन लढाईच्या वेळी तलवारीला धार लावायला बसता. सराव शांत असताना करायचा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात आपण सगळेच पटाईत, पण इथे ते चालत नाही. सकाळी दात घासून झाल्यावर पाच मिनिटं आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाच मिनिटं, चार-सहा. निदान दोन आठवडे मीटिंगचा विचारही न करता करा. शरीराला ती वाट पायाखालची झाली की घाईच्या वेळी ते चटकन तिकडे वळतं.

मीटिंगच्या दिवशी आपलं नाव पुकारलं जायच्या आधी दोन उसासे, तेही नाकातल्या नाकात, कुणाला कळणार नाही असे. आणि बोलायच्या क्षणी श्वास भरून घेऊ नका, थोडा सोडा. छाती काठोकाठ भरून बोलायला लागलं की पहिलं वाक्य ढकलल्यासारखं बाहेर पडतं, आवाज चढतो आणि कापतो. थोडं सोडून, मग जेवढा श्वास आपणहून आत येईल तेवढ्यावर सुरू केलं की आवाज खाली, मूळ जागी बसतो. पहिलं वाक्य लहान ठेवा. वाक्य संपलं की ओठ मिटा, नाकानं श्वास येऊ द्या, मग दुसरं. त्या थांबण्याला ऐकणारे विचारीपणा समजतात, तो समज त्यांचा त्यांच्याकडे राहू द्या. मंत्र म्हणणाऱ्यांचं आठवतंय ना? बोलताना तुम्ही श्वास सोडतच असता. सावकाश, लहान वाक्यांत बोललात तर ते बोलणंच तुमचा व्यायाम होईल.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटायला होतं. तुमचं तसं होत असेल तर बळजबरी नको. तळपायांकडे लक्ष द्या, जमीन कशी लागते ते बघा. किंवा चाला : दोन पावलांना घ्या, तीन पावलांना सोडा, आणि मधेच विसरलात तर विसरा.

डॉक्टरांकडे जाऊन आलात हे फार चांगलं केलंत. तरी छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, शुद्ध हरपली, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागायला लागली, तर 'हे टेन्शनच असणार' म्हणून श्वास मोजत बसू नका, लगेच दाखवा. आणि भीतीपायी तुम्ही मीटिंगच टाळायला लागलात, बढती नको म्हणालात, किंवा आठवड्यातल्या बऱ्याच रात्री अशाच जायला लागल्या, तर समुपदेशकाकडे जा. घाबरण्याच्या झटक्यांवर विचार आणि वागणूक बदलण्याची जी उपचारपद्धत आहे ती चांगली लागू पडते. श्वासाचा सराव तिच्या जोडीला चालतो, तिच्या जागी नाही. गाडी चालवताना किंवा पाण्यात असताना यातलं काही करू नका, हेही सांगून ठेवते.

मुलाचं सर्वांत सोपं आहे. त्याला 'श्वास' हा शब्दही ऐकवू नका. साबणाचे फुगे आणा. जोरात फुंकलं की फुगा फुटतो. सावकाश आणि लांब फुंकलं तरच मोठा होतो आणि कडीवरून सुटतो. चार-सहा यापेक्षा चांगलं शिकवणारं साधन मला माहीत नाही. परीक्षेच्या आठवड्यात रोज संध्याकाळी दहा मिनिटं फुंकू दे. मग परीक्षेच्या सकाळी कडी नसली तरी बोट ओठांपुढे धरून एक मोठा फुगा सोडायला सांगा, त्याला बरोबर कळेल. घरी फुंकताना एक कडी तुम्हीही घ्या. कुणाचा मोठा होतो, ते कळवा.